एरचला गेलेली मोटर

दुकानाच्या मालकाने दसऱ्यापर्यंत जागा रिकामी करून मागितली, तेव्हा ह्यांना अर्धांगवायू होऊन काही महिने झाले होते. मालक वाईट माणूस नव्हता. घरी आला, ह्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "भाभीजी, भैया अब दुकान पर बैठ तो पाएंगे नहीं. मेरे लडके को भी काम शुरू करना है." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? हे भिंतीकडे बघत होते. त्यांना किती समजलं ते मला सांगता येणार नाही.

माझे सासरे रेल्वेच्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून झाशीला आले आणि इथलेच झाले. मी भुसावळची, रेल्वेवाल्यांचीच मुलगी. ह्यांनी मात्र रेल्वेचा अर्जसुद्धा भरला नाही. प्रेम नगरात दुकान भाड्याने घेतलं आणि जन्मभर लोकांचे फ्रिज, मिक्सर, कूलर आणि कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त केली. घरात मराठी, उंबरा ओलांडला की हिंदी. गिऱ्हाइकांशी ते इतकं झकास हिंदी बोलत, मधूनच बुंदेलीत थट्टा करत, की हा मराठी माणूस आहे हे नव्या माणसाला पत्ता लागत नसे.

उन्हाळ्यात, कूलरच्या ऐन हंगामात झटका आला. उजवा हात गेला. पाय हळूहळू परत आला. बोलणं परत आलं तेही अर्धंमुर्धं, आणि त्यात हिंदी अजिबात नव्हती. डॉक्टर म्हणाले, काहींचं असं होतं, लहानपणची भाषा तेवढी उरते. उरलेल्या मराठीतही शब्द जागेवर नव्हते. पाणी हवं असलं की ते 'नदी' म्हणायचे. चप्पल हवी असली की 'पाय'. जवळपासचा शब्द सापडायचा, नेमका नाही. मी अंदाजाने ओळखायची. ओळखता आलं नाही की ते डोळे मिटून घ्यायचे आणि मला आपण वर्गात नापास झाल्यासारखं वाटायचं.

दुकानातलं सामान टेंपोत भरून घरी आणलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्यांनी किती जमवून ठेवलं होतं. लोक जुनं मशीन दुरुस्तीला टाकून जात आणि नवं घेऊन मोकळे होत. ते न्यायला कोणी परत येत नसे. हे ते मशीन उघडायचे, चांगलं ते काढून ठेवायचे आणि सांगाडा तेवढा कबाड्याला द्यायचे. मोटरी, पंप, फ्रिजचे कॉम्प्रेसर, गिझरचे थर्मोस्टॅट, टायमर, पुल्या, पट्टे, दाराचे रबर, स्टीलचे भोकाभोकांचे ड्रम. मधली खोली खिडकीपर्यंत भरली. उरलेलं अंगणात, पत्र्याखाली. "मशीन मरतं, मोटर मरत नाही," असं ते पूर्वी म्हणायचे. आता त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि डाव्या हाताने एखादी पुली उचलून गुडघ्यावर फिरवत राहायचे.

मुलाने हैदराबादहून फोनवर सांगितलं, "आई, कबाडी को बुला लो. इतकं सामान ठेवून काय करणार?" त्याला मराठी सगळी कळते, बोलताना गाडी हिंदीवर घसरते. मी कबाडी बोलावला. त्याने दारातूनच नजर फिरवली आणि वजनाचा काटा आणायला वळता वळता एका कॉम्प्रेसरला पायाने ढकललं, आत तेल आहे का बघायला. हे बघत होते. त्यांच्या तोंडातून काहीतरी आवाज निघाला. शब्द नव्हता तो. मी कबाड्याला म्हटलं, "भैया, अभी रहने दो."

मग ठरवलं, ज्याला या वस्तू वस्तू म्हणून हव्या आहेत असा माणूस शोधायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी घरी पोरांच्या शिकवण्या घेणारी बाई. पण घरात दुसरं होतं कोण?

माणिक चौकातल्या, सीपरी बाजारातल्या मेकॅनिकांकडे गेले. सगळे ह्यांना ओळखत होते. चहा पाजला, तब्येतीची चौकशी केली. एक जण म्हणाला, "भाभीजी, अब मोटर कौन खोलता है. कंपनीवाले आते हैं, पूरा कार्ड बदलकर चले जाते हैं. हम खुद खाली बैठे हैं." ह्यांचा एक जुना सोबती घरी आला. खोली बघून हळहळला, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बसला आणि जाताना टायमरांची सगळी पिशवी 'एक पार्टी को दिखाने के लिए' घेऊन गेला. मग महिनाभराने बाजारात दिसला. थंडी यंदा लवकर पडली, असं म्हणाला. टायमरांचं त्याने काढलं नाही, आणि माझ्याच्याने विचारवलं नाही.

मुलाने फोटो मागवून घेतले आणि जुन्या वस्तू विकायच्या कुठल्याशा ॲपवर टाकले. दिवसभर फोन वाजायचा. 'है क्या?' 'लास्ट बताइए.' एवढं लिहून माणसं गायब व्हायची. एकाला जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर हवं होतं. आम्ही दोघांनी ते शोधलं. म्हणजे मी वस्तू उचलून दाखवायची आणि ह्यांनी मान हलवायची. दुसऱ्या दिवशी सापडलं तेव्हा हे हसले. त्या माणसाला फोन केला तर त्याने नवा फ्रिज घेतला होता.

अगदीच काही झालं नाही असं नाही. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हवा भरायला म्हणून एक कॉम्प्रेसर घेऊन गेला आणि तो छान चालला. शेजारच्या बायकांनी फ्रिजच्या तारेच्या जाळ्या बड्या, म्हणजे आपले सांडगे, वाळवायला नेल्या. पण डोंगरातून टोपलीभर माती निघावी तसं ते होतं. खोली होती तशीच दिसायची.

चिरगावला शेतीच्या अवजारांचं एक दुकान आहे, तिथे लोक असल्या मोटरी घेतात, असं पंक्चरवाल्याने सांगितलं. म्हणून एका सकाळी शेजारणीला ह्यांच्याजवळ बसवून मी बसने चिरगावला गेले. पिशवीत दोन मोटरी आणि फोनमध्ये फोटो. पिशवीने खांदा अवघडला. दुकानदाराने फोटो बघितले, मोटर हातात घेऊन उलटसुलट केली आणि सभ्यपणे परत दिली. "ये घर की मशीन की है, माताजी. खेत में दो दिन नहीं टिकेगी." मी ती परत पिशवीत भरत होते. तेवढ्यात बाकावर बसलेला एक शेतकरी म्हणाला, "वो ड्रम दिखाना जरा. जो फोन में था."

तो एरचचा होता. बेतवाच्या काठी त्याची गाजरं होती. पन्नाशीचा, डोक्याला मफलर गुंडाळलेला, सावकाश बोलणारा. म्हणाला, गाजरं मंडईला न्यायची तर धुवावी लागतात. थंडीत घरच्या बायका हौदात उतरून पायांनी धुतात, पायांना भेगा पडून रक्त येतं. मोठ्या शेतकऱ्यांकडे धुवायची मशीनं असतात, त्याला ती परवडत नाहीत. भोकांचा ड्रम, मोटर आणि पाण्याची नळी एवढं मिळालं तर बाकीचं तो गावच्या वेल्डरकडून करून घेणार होता.

घरी येऊन मी ह्यांना हे सांगितलं. सगळं, बायकांच्या पायांसकट. ते खुर्चीतून उठले आणि स्वतः ड्रमपाशी गेले.

पुढच्या आठवड्यात तो शेतकरी वेल्डरकडून लोखंडी सांगाडा करून घेऊन, ओळखीच्या लोडरमधून, म्हणजे मालाच्या छोट्या टेंपोतून, आमच्याकडे आला. दिवसभर अंगणात काम चाललं. हे डाव्या हाताने दाखवायचे, तो करायचा. मोठी पुली कुठली, पट्टा कुठला, मोटर किती तिरकी बसवायची, सगळं खुणांनी. हे मराठीत काहीतरी म्हणायचे, तो बुंदेलीत 'हओ', म्हणजे हो, म्हणायचा, आणि काम पुढे सरकायचं. मोटरीच्या तीन तारा ह्यांनी स्वतः पुढे बसून त्याच्याकडून जोडून घेतल्या. त्यातली हिरवी सांगाड्याला स्क्रूने आवळायला लावली आणि तीन पिनांचा प्लग बसवला. दुपारी मोटर सुरू केली. ड्रम संथ फिरायला लागला. मी घरातले बटाटे त्यात टाकले, नळीने पाणी सोडलं. बटाटे स्वच्छ निघाले. ह्यांनी एक बटाटा उचलून गालाला लावला. झटक्यानंतर त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. मी दोघांना शिरा करून घातला.

निघताना ते झालं. शेतकऱ्याने आपली वायर आणली होती, लांबलचक, शेतातल्या खोलीपासून हौदापर्यंत पोचेल अशी. तिच्यात दोनच तारा होत्या. त्याने ह्यांचा प्लग काढून त्या दोन तारा जोडल्या. हिरवी तार मोकळी राहिली, तिची गुंडाळी करून त्याने चिकटपट्टी लावली. हे एकदम पुढे झाले. म्हणाले, "माती."

"हओ भाईसाहब," शेतकरी हसून म्हणाला. "माटी ही तो धोने है."

"माती," हे पुन्हा म्हणाले. मोठ्याने. मग माझ्याकडे वळून, "अगं, माती. माती."

मला वाटलं, ते गाजरांच्या मातीबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, "हो, धुतली जाईल ना सगळी. बघितलं ना आपण?" त्यांनी मान जोरजोरात हलवली. डावा हात जमिनीवर आपटला. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. शेतकऱ्याला वाटलं, दिवसभराच्या श्रमाने थकले. तो त्यांच्या पाया पडला, सांगाडा लोडरमध्ये चढवला आणि गेला.

रात्री ते जेवले नाहीत. सकाळी मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी माझा पदर धरून मला फ्रिजमागे नेलं. फ्रिजचा प्लग त्यांनी उपसून काढला होता. वरच्या जाड पिनेवर बोट ठेवून म्हणाले, "माती." मग पुन्हा, अगदी हळू, समजावल्यासारखं, "माती."

मी प्लगचा फोटो काढून मुलाला पाठवला आणि फोन केला. सगळं सांगितलं.

"आई, बाबा अर्थिंग बोल रहे हैं. माती म्हणजे इंग्लिश का अर्थ, जमीन. त्यांना शब्द मिळत नाही."

"म्हणजे काय?"

"ती हिरवी तार जमिनीत गेली पाहिजे. नाहीतर मोटर में कुछ हुआ, तो पूरी लोखंड की मशीन में करंट येणार. आणि तिथे सगळं पाणीच पाणी आहे ना?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "अर्थिंग?" त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

शेतकऱ्याचा फोन लागेना. दुपारपर्यंत लावत राहिले, बंदच होता. दुसऱ्या दिवशी मी पहिली बस धरली. चिरगावच्या पुढे आणखी एक बस बदलावी लागली, आणि एरचला उतरल्यावर विचारत विचारत नदीच्या बाजूला बरंच चालावं लागलं. धुकं होतं. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. हिंदी मला चांगली येते, तरी ती जुळेनात.

मशीन चालू होतं. हौदाशेजारी विटांवर ठेवलेलं. ड्रममध्ये लाल गाजरं गरगरत होती. शेतकऱ्याची बायको आणि म्हातारी आई अनवाणी, घोट्यापर्यंत चिखलात उभ्या राहून गाजरं काढून टोपल्यांत भरत होत्या. मला बघून सगळे आनंदले. म्हातारीने माझा हात धरून स्वतःचे पाय दाखवले. "देखो बिन्ना, अब पानी में नईं उतरने परत."

मी आधी मशीन बंद करायला लावलं. मग हिरव्या तारेचं सांगितलं. शेतकऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "भाभीजी, हमारे यहां दो ही तार आते हैं. अर्थिंग तो गांव में किसी के नहीं है." मी म्हटलं, सळई पुरा, जमिनीत खोल, ती तार तिला बांधा, माझ्या मुलाने तसंच सांगितलंय. तो म्हणाला, बिजलीवाला माणूस मोंठला राहतो, त्याला सांगतो. "कब?" मी विचारलं. "आएगा दो-चार दिन में."

तोपर्यंत मशीन बंद ठेवा, असं मी म्हटलं. त्याने हौदाकडे बघितलं. हौदाशेजारी उपटलेल्या गाजरांचा ढीग पडला होता, आणि मंडईला न्यायची गाडी संध्याकाळी येणार होती. त्याची बायको जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, सरळ मोटर काढून घेऊन परत जावं. पण ती आता त्याची होती. आणि काढली तर या दोघी पुन्हा हौदात उतरणार होत्या. शेवटी मी शेतातल्या खोलीतली लाकडी फळी आणून मशीनपुढे टाकायला लावली, दोघींनी रबरी चपला घालूनच काम करायचं असं वदवून घेतलं. "हओ बिन्ना, हओ," म्हातारी म्हणाली. मी वळून बांधापर्यंत गेले असेन, मागे ड्रम सुरू झाल्याचा आवाज आला.

घरी येऊन ह्यांना जे झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी ऐकलं आणि तोंडावर पांघरूण ओढून घेतलं.

तो हिवाळा फोनकडे बघण्यात गेला. मी आठवड्यातून एकदा शेतकऱ्याला फोन करायची. लागला तर तो म्हणायचा, सब ठीक है, बिजलीवाला आने वाला है. एकदा म्हणाला, येऊन गेला, पण सामान नव्हतं. मी मुलाला म्हटलं, आपण पैसे पाठवू, तारेचं सामान पाठवू. मुलाने इथल्या बाजारातून सळई आणि तार घ्यायला सांगितली. मी घेतली, चिरगावला जाऊन एरचच्या बसच्या कंडक्टरच्या हाती दिली. ती पोचली असं शेतकरी म्हणाला. ती जमिनीत पुरली का, याचं उत्तर मला कधी सरळ मिळालं नाही. दारावर कोणी आलं की हे मान उचलून बघत. मीही. एकमेकांशी आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो. त्यांना बोलता येत नव्हतं, मला बोलवत नव्हतं.

थंडी सरताना शेतकरी स्वतः आला. डोक्यावर गाजरांचं पोतं. ते ओसरीवर उतरवून तो ह्यांच्या पायाशी बसला. हंगाम चांगला गेला म्हणाला. मग थोड्या वेळाने, मफलर सोडून हातात घेत म्हणाला, "एक बछिया चली गई."

त्याच्या घरची कालवड. मशीनशेजारच्या डबक्यात पाणी प्यायला तोंड घातलं, तिथेच कोसळली. नुकतंच उठून म्हातारी तिथून घरात गेली होती. "आप कह गई थीं," तो मला म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्या दिवशीच त्याने स्वतः सळई पुरली होती, तार बांधली होती. आता काही भीती नाही म्हणाला. भावालाही असंच मशीन हवंय. ड्रम अजून आहेत ना?

मी ह्यांना मराठीत सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं. हिंदी त्यांच्यातून जाताना कुठेतरी थोडी मागे राहिली असावी, किंवा त्या माणसाचा चेहरा पुरेसा होता. ते म्हणाले, "नाही." अगदी स्पष्ट. कित्येक महिन्यांत इतका नेमका शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

शेतकऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या भावाच्या घरच्या बायकाही हौदात उतरत असणार. मी म्हटलं, "वो मना कर रहे हैं, भैया." तो थोडा वेळ बसला, पाणी प्यायला, पाया पडून गेला. पुन्हा त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही.

त्या आठवड्यात मी कबाड्याला बोलावलं. ह्यांना आधी विचारलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली. खोली रिकामी होत असताना ते आत येऊन उभे राहिले नाहीत, अंगणात उन्हात बसून राहिले. ड्रम एकमेकांत घालून नेले, मोटरी पोत्यांतून. एकही वस्तू मी मागे ठेवली नाही. ठेवायची का, असं विचारायला हवं होतं, असं नंतर वाटलं.

आता ह्यांची खाट त्या खोलीत आहे. सकाळचं ऊन तिथे चांगलं येतं. फरशीवरचे तेलाचे डाग सोड्याने घासूनही गेले नाहीत. परवा मी कपडे वाळत घालून आत आले तर हे खिडकीकडे बघत बसले होते. मी विचारलं, "कसला विचार चाललाय?"

बराच वेळ शब्द शोधला त्यांनी. मग म्हणाले, "दूध."

मी दूध गरम करून आणलं. त्यांनी पेल्याकडे बघितलं आणि मान हलवली. ते नको होतं. मग काय हवं होतं, ते मी चार-पाच शब्द सुचवून विचारलं, आणि प्रत्येक शब्दाला ते मान हलवत राहिले. कालवडीचं नाव मात्र मी काढलं नाही. शेवटी दुधावर साय धरली, आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.